हंगामाचा मानकरी

इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरण्या-खाणींच्या गावांत आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील शहरांत रग्बी लीगचा हंगाम आटोपला, म्हणजे प्रत्येक क्लबाच्या कारभाऱ्यांपुढे दरसाल एक काम येऊन उभे राहते, आणि ते जितके आनंदाचे तितकेच जोखमीचे असते. सात-आठ महिने एकाच रंगाची जर्सी घालून जे पंचवीस-तीस गडी मैदानात उतरले, थंडीपावसात पडले, उठले, पुन्हा पडले, त्यांतून एकाचेच नाव काढून त्याला हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवावयाचे असते. समारंभ एका संध्याकाळचा. परंतु त्या संध्याकाळी जाहीर झालेले नाव क्लबाच्या दफ्तरात कायमचे नोंदले जाते, आणि पुढच्या पिढीतील होतकरू मुलगा भिंतीवरचा फलक वाचून आपल्या क्लबाने कोणत्या गुणांची कदर केली हे त्यावरून ताडतो. एका खेळाडूची निवड करताना क्लब अशा रीतीने आपल्या मूल्यांचाच निवाडा देत असतो. तो निवाडा कोणत्या पुराव्यावर दिला जातो, कोठे चुकतो आणि न्याय्य व्हावयाचा तर कसा करावा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर आपल्यापैकी काहींनी जी रग्बी पाहिली असेल ती पंधरा-पंधरा गड्यांची, युनियन या नावाने ओळखली जाणारी. लीग ही तिच्यातूनच फुटून निघालेली शाखा असून, त्या फुटीचे कारण ध्यानात घेतल्याखेरीज आपल्या विषयाचे मर्म उमगणार नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात यॉर्कशायर व लँकेशायर परगण्यांतील क्लबांचे प्रतिनिधी जमले, आणि त्यांनी मूळ नियामक संस्थेशी असलेला संबंध तोडून नॉर्दर्न युनियन ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. वाद होता तो मजुरीचा. उत्तरेकडील खेळाडू बहुतांशी खाणीत, गिरणीत आणि गोदीत राबणारे. शनिवारचे काम सोडून सामन्यास गेले की तेवढ्या वेळेचा पगार बुडे, तो क्लबाने भरून द्यावा अशी त्यांची रास्त मागणी होती, आणि हौशी खेळास पैशाचा स्पर्श होता कामा नये असा सुखवस्तू धुरीणांचा आग्रह होता. नव्या संस्थेने बुडीत मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंग देण्याची मुभा दिली. श्रमाला मोल आहे आणि ते चुकते केले पाहिजे, या एका तत्त्वासाठी ज्या खेळाने वेगळी चूल मांडली, त्या खेळाच्या हंगामाअखेरच्या गौरवातही श्रमाचा हिशेब चोख असावा, अशी अपेक्षा केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

पुढे या खेळाने आपले रूपही पालटले. १९०६ मध्ये गड्यांची संख्या पंधरावरून तेरावर आणली गेली. पकडला गेलेला गडी उठून उभा राहतो आणि चेंडू पायाने मागे सारून खेळ चालू करतो, ही रीतही त्याच वर्षी आली. कितीही वेळा पकडले गेले तरी चेंडू आपल्याचकडे ठेवण्याची जी मोकळीक होती ती १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात काढून घेण्यात आली. प्रथम चार टॅकलांची, म्हणजे पकडींची, आणि सत्तरीच्या दशकारंभी सहा टॅकलांची मर्यादा मुक्रर झाली. आज रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्रायचे चार गुण, गोलाचे दोन आणि ड्रॉपगोलाचा सामान्यतः एक, अशी गुणांची वाटणी आहे. या सहा टॅकलांच्या मर्यादेने खेळाला जी लय दिली, तिच्यातच कोणाचे काम डोळ्यांत भरते आणि कोणाचे नजरेआड राहते याचे उत्तर दडलेले आहे.

अशी एक फेरी जवळून पाहावी. प्रतिपक्षाने लांब मारलेला चेंडू फुलबॅकने आपल्याच गोलरेषेजवळ झेलला आणि थोडा पुढे येताच तिघांनी मिळून त्याला खाली आणले. आता पुढची धाव घ्यावयाची ती बहुधा प्रॉपने. शंभर किलोंहून अधिक वजनाचा हा गडी मागून दौडत येतो, हुकरने जमिनीवरून उचलून दिलेला चेंडू छातीशी धरतो, आणि समोरून तितक्याच त्वेषाने चालून येणाऱ्या फळीवर स्वतःला झोकून देतो. पदरात काय पडले, तर आठ-दहा मीटर जमीन. परंतु पडता पडता त्याने अंग वळवून पोटावर पडण्याची दक्षता घेतली, पकडणाऱ्यांची मिठी झटकून तो क्षणार्धात उभा राहिला आणि त्याने चेंडू टाचेखालून मागे सारला, तर प्रतिपक्षाची फळी नियमाप्रमाणे दहा मीटर मागे हटून स्थिरावण्यापूर्वीच हुकरला पुढे मुसंडी मारता येते. मग तिसरी धाव पहिलीहून लांब जाते, चौथी त्याहून लांब, आणि पाचव्या टॅकलनंतर हाफबॅक निवांतपणे नेम धरून चेंडू प्रतिपक्षाच्या कोपऱ्यात मारतो. प्रेक्षक टाळी देतात ती त्या लाथेला. ती लाथ जेथून मारली गेली ती जागा मात्र प्रॉपने आपल्या बरगड्यांच्या मोबदल्यात मिळवलेली असते, आणि हे काम तो एका सामन्यात दहा-पंधरा वेळा करतो.

कबड्डीच्या मैदानात चढाई करून गडी बाद करून येणाऱ्याचा जयजयकार होतो, आणि घोटा धरून दाराशी अडवणाऱ्या कोपऱ्यातल्या गड्याचे नाव दुसऱ्या दिवशी फारसे कोणी काढत नाही, तशीच ही गत आहे. रग्बी लीगमध्ये १, ६ आणि ७ या क्रमांकांच्या जर्सी, म्हणजे फुलबॅक, स्टँड-ऑफ आणि हाफबॅक, यांच्या हाती चेंडू वारंवार आणि मोक्याच्या घडीस येतो. ८ व १० क्रमांकांचे प्रॉप, ९ क्रमांकाचा हुकर, ११ व १२ चे सेकंड-रो आणि १३ चा लूज फॉरवर्ड यांच्या वाट्याला धडक, पकड आणि पुन्हा फळीत उभे राहणे येते. गौरवाची यादी पाहिली तर पहिल्या वर्गाकडे पारडे झुकलेले दिसते. ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च वैयक्तिक बहुमान म्हणजे डॅली एम पदक. ते सिडनीचे नामांकित सेंटर हर्बर्ट हेन्री मेसेंजर, ज्यांना लोक डॅली म्हणत, यांच्या नावे १९८० मध्ये सुरू झाले. जोनाथन थर्स्टन या हाफबॅकने ते चारदा, तर अँड्र्यू जॉन्स या हाफबॅकने तीनदा मिळवले. २०१६ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंडचा जेसन टॉमालोलो हा फॉरवर्ड हाफबॅक कूपर क्रॉन्कच्या बरोबरीने विजेता ठरला, तेव्हा अनेकांना त्याचे अप्रूप वाटले, यातच सर्व आले.

तरीही श्रमाची कदर झाल्याचे दाखले आहेत, आणि त्यांतील एक येथे तपशिलाने सांगण्याजोगा आहे. २७ ऑगस्ट २०१६ रोजी वेम्ब्ली येथे चॅलेंज कपचा अंतिम सामना हल एफसी आणि वॉरिंग्टन यांच्यात झाला. हलने तोपर्यंत वेम्ब्लीच्या मैदानावर एकही विजय मिळवला नव्हता, आणि त्या दिवशीही वॉरिंग्टन दहा गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात मार्क स्नीडने मारलेल्या उंच चेंडूवर माहे फोनुआने ट्राय केला, पुढे जेमी शॉलने दुसरा केला, स्नीडने दोन्ही वेळा गोल साधले आणि हलचे १२ गुण झाले. शेवटच्या काही मिनिटांत वॉरिंग्टनचा बेन करी गोलरेषा ओलांडून गेला. चेंडू जमिनीला टेकवणे एवढेच बाकी होते. तेवढ्यात हलचा हुकर डॅनी हाउटन मागून येऊन त्याला भिडला आणि त्याच्या कवेतला चेंडू जमिनीला लागण्याआधीच उडवून लावला. सामना १२-१० असा हलने जिंकला. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड चषक, जो १९४६ पासून क्रीडावार्ताहरांच्या मतांवर दिला जातो, तो स्नीडला मिळाला, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता. विजयाचे गुण त्याच्याच पायातून आले होते. परंतु त्या हंगामाचा मॅन ऑफ स्टील, म्हणजे इंग्लंडमधील हंगामाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, ठरला तो हाउटन. त्या काळी हा बहुमान खेळाडूंच्या मतांवर दिला जात असे. हाउटनची ती पकड लोकांना एका क्षणाची वाटली. त्याच्याशी वर्षभर टक्कर दिलेल्या प्रतिस्पर्ध्यांना मात्र ठाऊक होते की हा गडी हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून प्रत्येक मिनिटाला तसाच धावत आला आहे. सामन्याचा मानकरी आणि हंगामाचा मानकरी यांच्यातील भेद याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पुराव्याकडे वळू. आकड्यांचा पुरावा हा सर्वांत सोयीचा. चेंडू घेऊन किती मीटर गेला, किती पकडी केल्या, किती हुकल्या, किती वेळा फळी फोडली, किती ट्रायांना हातभार लावला, किती वेळा चेंडू हातून सुटला, याची नोंद आज प्रत्येक सामन्याची होते. ऑस्ट्रेलियात टॅकल मोजण्याचा शिरस्ता रुजवण्याचे श्रेय जॅक गिब्सन या प्रशिक्षकास दिले जाते. १९७४ व १९७५ मध्ये ईस्टर्न सबर्ब्सला आणि १९८१ ते १९८३ अशी लागोपाठ तीन वर्षे पॅरामॅटाला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या या माणसाने, जो श्रम डोळ्यांना दिसत नाही तो कागदावर तरी दिसावा अशी व्यवस्था केली. त्यांनी घडवलेल्या ईस्टर्न सबर्ब्स क्लबाचे, म्हणजे आजच्या सिडनी रूस्टर्सचे, वार्षिक पदक त्यांच्याच नावाने दिले जाते हे उचितच होय. परंतु आकड्यांनाही मर्यादा आहेत. चाळीस पकडी करणाऱ्याने त्यांतील किती पकडी अंगावर आलेल्या गड्याच्या केल्या आणि किती शेजाऱ्याची चूक सावरण्यासाठी धावत जाऊन केल्या, हे बेरजेत उमटत नाही. पंचवीस गुणांनी आघाडी असताना घेतलेले शंभर मीटर आणि बरोबरीत असताना शेवटच्या दहा मिनिटांत घेतलेले तीस मीटर यांची किंमत रकान्यात सारखीच पडते. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असूनही जो जीव तोडून धावतो आणि दोन बचावपटूंना आपल्याकडे ओढून सहकाऱ्यास वाट मोकळी करून देतो, त्याच्या नावापुढे तर त्या वेळी बहुधा काहीच मांडले जात नाही. आकडे साक्षीदार म्हणून बोलवावेत; निवाड्याचे आसन त्यांना देऊ नये.

मग आसनावर कोणी बसावे? क्लबांत सामान्यतः चार जणांची मते विचारात घेतली जातात: प्रशिक्षक, सहखेळाडू, वार्ताहर आणि सभासद प्रेक्षक. प्रेक्षकांचे प्रेम निर्व्याज असते, परंतु त्यांची दृष्टी चेंडूमागे फिरते, आणि अखेरच्या महिन्यातील पराक्रम पहिल्या महिन्यातील पराक्रमास झाकून टाकतो. वार्ताहर तटस्थ असतो, पण त्याला क्लबाच्या आतली मसलत माहीत नसते. अमुक गड्यास अमुक कामच करण्याची आज्ञा होती, हे न कळल्याने तो आज्ञापालनास निष्क्रियता समजण्याचा संभव असतो. प्रशिक्षकास ती आज्ञा ठाऊक असते, सामन्याची चित्रफीत तो पुन्हा पुन्हा पाहतो, आणि म्हणून त्याचे मत सर्वांत जाणते. मात्र जो आपल्या योजनेत चपखल बसला त्याच्याकडे त्याचे मन ओढ घेते. सहखेळाडूंचे मत मला सर्वांत मोलाचे वाटते. थकून गुडघ्यावर हात टेकले असताना आपल्या डाव्या-उजव्या हाताला कोण उभा होता आणि कोण नव्हता, हे त्यांनी अंगावर झेलून जाणलेले असते. कित्येक क्लब खेळाडूंनी निवडलेल्या खेळाडूचे पारितोषिक स्वतंत्रपणे देतात, आणि ज्यांना ते मिळाले आहे त्यांतील अनेकांना ते मुख्य पदकाइतकेच प्रिय असते.

मतांची मोजणी कशी करावयाची हा यापुढील प्रश्न, आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही. सर्वांत रूढ पद्धत अशी की प्रत्येक सामन्यानंतर पहिल्या तिघांना अनुक्रमे तीन, दोन आणि एक गुण द्यावा, आणि हंगामाअखेर बेरीज करावी. डॅली एम पदकाचा पाया हीच पद्धत. इंग्लंडमध्येही २०१९ पासून माजी खेळाडूंचे मंडळ मॅन ऑफ स्टीलसाठी असेच गुण देते. तिचा मोठा गुण हा की निवाडा ताज्या आठवणीवर होतो आणि एप्रिलमधील कामगिरीस सप्टेंबरमधील कामगिरीइतकेच वजन मिळते. दोष मात्र बारकाईने पाहिल्याखेरीज दिसत नाही. समजा, चोवीस सामन्यांच्या हंगामात एक खेळाडू सहा सामन्यांत सर्वोत्तम ठरला आणि उरलेल्या अठरांत निस्तेज राहिला. त्याचे अठरा गुण होतात. त्याच संघातील दुसरा एक गडी चोवीसही सामन्यांत चौथ्या क्रमांकाचा ठरला. त्याच्या खात्यावर शून्य पडते. आता कोणत्याही प्रशिक्षकास विचारा की यांतील एकच गडी पुढच्या वर्षी ठेवता येईल, तर कोणास ठेवशील? जो प्रत्येक सामन्यात चौथा, तो हंगामात पहिला असू शकतो, ही गोष्ट या पद्धतीस मुळीच दिसत नाही.

सबंध स्पर्धेच्या पातळीवर आणखी एक विपरीतता आढळते. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेत पेनरिथ संघाने २०२१ ते २०२४ अशी सलग चार अजिंक्यपदे जिंकली. त्याच चार वर्षांत डॅली एम पदक मात्र अनुक्रमे मॅनली, क्रोनुला, न्यूकॅसल आणि मेलबर्न या संघांच्या खेळाडूंस मिळाले. ज्या संघात उत्तम खेळाडू अनेक, तेथे सामन्याचे गुण वाटले जातात. ज्या संघाचा भार एकावर, तेथे ते एकाच्याच पदरात साठतात. २०२३ पासून प्रत्येक सामन्यास दोन स्वतंत्र परीक्षक नेमून गुणांची संख्या दुप्पट केली गेली, तरी त्याच वर्षी विजेत्या कॅलिन पोंगाचे ५६ आणि उपविजेत्या शॉन जॉन्सनचे ५५ असा अवघ्या एका गुणाचा फरक पडला. एवढ्या बारीक फरकावर हंगामाचा मान ठरत असेल, तर मोजणीची रीत हंगामापूर्वीच लेखी जाहीर झालेली असावी, हे वेगळे सांगावयास नको.

गैरहजेरीचा प्रश्नही असाच अवघड आहे. २०२१ मध्ये मॅनलीचा फुलबॅक टॉम ट्रबोयेविच दुखापतीमुळे आरंभीचे सामने मुकला आणि साखळी फेरीत अवघे १५ सामने खेळून डॅली एमचा मानकरी ठरला. त्या १५ सामन्यांतील त्याचा खेळ इतका अलौकिक होता की निकालावर फारशी तक्रार उठली नाही. क्लबाच्या पदकास मात्र मी वेगळी कसोटी लावीन. स्पर्धा आपल्या पदकाने उंची मोजू शकते. क्लबाला उंचीबरोबर साथही मोजावी लागते, कारण जे सामने तो गडी खेळला नाही ते कोणीतरी त्याच्या जागी उभे राहून खेळलेले असतात. त्यातही भेद केला पाहिजे. दुखापत हे दैव. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यातील स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेसाठी बोलावणे येऊन क्लबाचा सामना चुकला तर तो गौरवच. परंतु धोकादायक पकडीबद्दल मैदानाबाहेर हकालपट्टी वा निलंबन ओढवून घेऊन ज्याने आपल्या सहकाऱ्यांना बाराव्या-तेराव्या मिनिटापासून अपुऱ्या बळाने झुंजावयास लावले किंवा पुढचे सामने त्यांच्यावर टाकले, त्याच्या खात्यातून वजावट होणे रास्तच होय. डॅली एममध्ये पूर्वी निलंबित खेळाडूस अपात्र ठरवीत. पुढे गुण कापण्याची सौम्य रीत आली. वजावटीचे प्रमाण काहीही असो, तत्त्व शाबूत राहिले पाहिजे.

पदकास कोणाचे नाव द्यावे, यावरूनही क्लबाची दृष्टी कळते. न्यूझीलंडच्या वॉरियर्स क्लबाचे वार्षिक पदक सायमन मॅनरिंगच्या नावाने आहे. मॅनरिंग तीनशेहून अधिक सामने एकाच क्लबासाठी खेळला. ट्रायांच्या विक्रमासाठी कोणी त्याचे नाव घेत नाही, परंतु पकडी करून करून शरीर झिजवणारा आणि दुसऱ्या दिवशी सरावास सर्वांत आधी हजर असणारा गडी म्हणून त्याची ख्याती, आणि क्लबाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तो वारंवार निवडला गेला. साउथ सिडनीचे पदक जॉर्ज पिगिन्स यांचे. १९९९ नंतर स्पर्धेतून वगळलेल्या आपल्या क्लबास २००२ मध्ये परत आणणाऱ्या लढ्याचे ते पुढारी. मॅन ऑफ स्टील बहुमानास आज स्टीव्ह प्रेस्कॉट यांचे नाव जोडलेले आहे. सेंट हेलेन्सच्या या फुलबॅकने असाध्य कर्करोगाचे निदान झाल्यावरही वर्षानुवर्षे धर्मादाय कार्यासाठी निधी उभारला आणि २०१३ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१८ पासून इंग्लंडमध्ये महिलांसाठी वुमन ऑफ स्टील हा बहुमान दिला जाऊ लागला, आणि ऑस्ट्रेलियातही महिलांचे डॅली एम पदक दिले जाते. कॅसलफर्डची जॉर्जिया रोश आणि ब्रिस्बेनची ब्रिटनी ब्रेली या त्यांच्या २०१८ च्या मानकरी.

या साऱ्या विवेचनातून क्लबाच्या निवड समितीने काय घ्यावे? माझ्या मते चार गोष्टी. प्रत्येक सामन्यानंतर, बदली खेळाडू धरून, खेळलेल्या सतराही गड्यांना, केवळ पहिल्या तिघांना नव्हे, प्रशिक्षकांनी दहापैकी गुण द्यावेत, म्हणजे चौथ्या क्रमांकाच्या इमानी गड्याचे श्रम वाया जाणार नाहीत. ज्याला जे काम नेमून दिले त्याच कामाच्या मापाने त्याला तोलावे. प्रॉपकडून ट्रायांची आणि विंगरकडून चाळीस पकडींची अपेक्षा धरू नये. अंतिम बेरजेत सहखेळाडूंच्या गुप्त मतदानास निदान एक तृतीयांश वजन असावे. आणि चौथी गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी केली जात नाही, ती ही की निवाड्याची कारणे लेखी नोंदवून संघापुढे वाचून दाखवावीत.

या शेवटच्या गोष्टीचा मी आग्रह धरतो, कारण पदक एकालाच मिळते आणि उरलेले पंचवीस-तीस जण त्याच दालनात बसलेले असतात. त्यांतील विशीतल्या प्रॉपला, ज्याचे नाव वर्षभरात कोणत्याही मथळ्यात आले नाही, आपल्या धावा कोणीतरी मोजल्या, पडल्यावर आपण किती लवकर उठलो ते पाहिले आणि निवाड्याच्या वेळी त्याचा विचार केला, हे कळले पाहिजे. आपल्या कामाचा हिशेब झाला आहे अशी ज्याची खात्री पटते, तो पदक न मिळताही पुढच्या हंगामात तितक्याच निष्ठेने फळीत उभा राहतो. ज्याची ती पटत नाही, तो हळूहळू चेंडूमागे आणि टाळ्यांमागे धावू लागतो, आणि मग पकडी करावयास कोणी उरत नाही. बुडालेल्या मजुरीचे सहा शिलिंग मिळावेत म्हणून ज्यांनी हा खेळ उभा केला, त्यांच्या वारसांनी निदान एवढा हिशेब चुकवू नये.